इथे थांबा, चार मोजा

सिस्टर सुशीला चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खांबाला लागून बसायच्या. खांबामुळे तिथून वेदी अर्धीच दिसे. पुढे जागा असली तरी त्या सरकत नसत. एकदा मी म्हणालो, "सिस्टर, जरा पुढं बसा की. इथनं काय दिसतंय?"

"बगायला कशाला पायजे? मला ऐकायचं असतंय."

त्यांना काय ऐकायचं असतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

मी निपाणीचा. आई बिड्या वळायची, वडील वखारीत तंबाखूची पोती उचलायचे. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. शाळेत मास्तर झालो, लग्न झालं, आणि मग पस्तिशीत मला थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकायची हौस आली. बेळगावच्या कॅम्प भागात एक अभ्यासकेंद्र आहे. तिथे आमच्यासारख्या संसारी लोकांसाठी शनिवार-रविवारी एम.ए.चे वर्ग भरत. त्याचे प्रमुख होते फादर बेनेडिक्ट. ते मंगळूरकडचे, उंच, गोड गळ्याचे. माझी फी त्यांनी पहिल्या दिवशी निम्म्यावर आणली आणि ते कोणाला सांगितलंही नाही. ही गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मला त्यांच्याबद्दल वेगळं लिहायचं आहे.

बायबल शिकवायला सिस्टर सुशीला होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात रबरी चप्पल. हिब्रू आणि ग्रीक त्यांना येत होती, पण बोलणं थेट आमच्या गल्लीतलं. त्याही निपाणीच्या आणि त्याही बिडी वळणाऱ्या घरातल्या, हे मला त्यांच्या अंगठ्यावरून कळलं. लहानपणापासून बिड्या वळणाऱ्या बायांचं असतं तसंच त्यांचं नख जाड आणि पिवळट होतं.

पहिल्याच तासाला त्यांनी आमच्यातल्या एका निवृत्त सुभेदारांना शुभवर्तमानातला एक उतारा वाचायला लावला आणि विचारलं, "काय लिवलंय?" सुभेदार उभे राहिले आणि देवाचं प्रेम सागरासारखं कसं अथांग असतं ते सांगू लागले. सिस्टरांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "छाट."

सुभेदारांना कळेना. मला कळलं, आणि मी हसलो. मग सिस्टरांनी वर्गाला सांगितलं. बाया बिड्यांच्या जुड्या घेऊन कारखान्यात जात. तिथला माणूस जुडी सोडायचा, एकेक बिडी बोटांत फिरवून बघायचा. सैल, वाकडी, टोक नीट न मुडपलेली बिडी बाजूला टाकायचा. ती छाट.

"वाचतानाबी तसंच करायचं," त्या म्हणाल्या. "येकेक शब्द बोटात फिरवायचा. सुभेदार, सागर कुटं हाय ह्यात? तुमच्या मनात हाय. ते घरी बायकोला सांगा. हितं लिवलंय तेवडंच बोला."

तीन वर्षांत माझ्या वहीत 'छाट' हा शेरा किती वेळा आला असेल, सांगता येत नाही. 'छान' एकदाही नाही. फार झालं तर म्हणत, "हं, ही टिकंल."

छाटेची दुसरी अर्धी गोष्ट त्यांनी बऱ्याच महिन्यांनी सांगितली, तीही वर्गात नाही. मी पुस्तकं उचलून त्यांच्यासोबत चाललो होतो.

"मास्तर, छाट बिडी बाईला परत देत नव्हते, म्हाईत हाय न्हवं?"

"व्हय. आमची आई सांगती."

"वाईट म्हणून काडायची, मोजायची न्हाय, आणि ठेवून घ्यायची. आमच्या आईनं येकदा इचारलं त्या माणसाला, वाईट हाय तर आमची आमाला द्या की वो. तर तो नुसता हसला." थोडं चालून त्या म्हणाल्या, "त्या बिड्याबी इकत हुतेच ते. लोक वडतच हुते."

एका शुक्रवारी गृहपाठ द्यायला मी त्यांच्या कॉन्व्हेंटात गेलो. बैठकीच्या खोलीत फादर बेनेडिक्ट चहा घेत होते. सिस्टरांनी कपाटातून चार कागद काढून त्यांना दिले. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेले. फादरांची मराठी कानडी वळणाची होती, त्यांना जोडाक्षरं अडत. कागदाच्या कडेला तांबड्या पेन्सिलीने मधेमधे काही लिहिलेलं होतं. फादरांनी घडी घालून कागद झग्याच्या खिशात ठेवले, मला म्हणाले, "काय मास्तर, अभ्यास जोरात?" आणि गेले.

रविवारी त्यांनी प्रवचन केलं. पहिल्या वाक्यालाच मी सिस्टरांकडे वळून पाहिलं. 'येकेक शब्द बोटात फिरवायचा' ही त्यांची रीत, त्यांची वाक्यं, फक्त व्याकरण शुद्ध केलेलं. सिस्टर खांबाशी डोळे मिटून बसल्या होत्या. फादर एका जागी थांबले, तेव्हा सिस्टरांच्या उजव्या पायाचा चवडा चार वेळा उचलला आणि टेकला. मग फादर पुढे बोलू लागले. बिड्या वळायला मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसलेल्या बायांचा पाय असाच आपोआप हलत असतो.

मिस्सेतलं प्रवचन दीक्षित धर्मगुरूनेच करायचं, असा नियम आहे. बाईने नाही, सिस्टरने नाही, तिला हिब्रू येत असलं तरी नाही. हे मला माहीत होतं, पण नियमाला असा शुक्रवार असतो हे माहीत नव्हतं. आठ वर्षं हे चाललं होतं. बेळगावातले लोक लांबून रिक्षा करून फादर बेनेडिक्टांचं प्रवचन ऐकायला येत.

"सिस्टर, तांबड्या पेन्सिलीनं काय लिहिता?" मी विचारलं.

"इथे थांबा, चार मोजा. नायतर ते धावत सुटत्यात. वाक्य मानसाच्या आत उतराय येळ लागतोय की न्हाय?"

एकदा फादरांचा घसा बसला. त्यांनी नुकत्याच आलेल्या तरुण डिकनच्या, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या शेवटच्या पायरीवरच्या उमेदवाराच्या, हातात कागद दिले. तो पोरगा घाबरलेला. रूथ आणि तिची सासू नामी, दोघी मवाबातून पायी निघाल्या तो भाग होता. त्याने वाचलं, "दोघींच्या मागे तीन थडगी होती आणि पुढे कोणीच नव्हतं. इथे थांबा, चार मोजा. मग त्या बेथलेहेमला पोहोचल्या."

चर्चमध्ये कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते पवित्र शास्त्रातलंच वाटलं. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या कॅथरीनबाईंनी तर खरंच बोटांवर चार मोजले. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर पदर धरला होता आणि खांदे गदगद हलत होते. बाहेर आल्यावर चष्मा पुसत म्हणाल्या, "मास्तर, मला वेदीवरनं बोलता येत न्हाय. आज येक वाक्य बोलून घ्येतलं बग."

त्यांना तेवढं मोकळं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

सिस्टरांचा एक प्रबंध अडला होता. बायबलच्या अभ्यासात एम.ए.च्या वर आणि डॉक्टरेटच्या खाली लायसेन्शिएट नावाची पदवी असते. ती असल्याशिवाय सेमिनरीत, म्हणजे होणाऱ्या धर्मगुरूंना, शिकवता येत नाही. सिस्टरांचा अभ्यासक्रम, परीक्षा, भाषा सगळं झालं होतं. प्रबंध तेवढा राहिला होता आणि नोंदणीची मुदत पुढच्या जूनला संपत होती. वय बावन्न. त्यांच्या धर्मभगिनी संघाच्या वरिष्ठ मदरनी त्यांना पुस्तकांजवळ, कॅम्पातच, एक शेवटचं वर्ष राहू दिलं होतं. वेदीवरून बोलता येत नाही, तर जे बोलणार त्यांना तरी आपण शिकवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पहिल्या तासाला काय शिकवायचं ते त्यांनी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. "पयल्या पोरानं तोंड उघाडलं की मी म्हणणार, छाट."

विषय होता रूथ. परक्या देशातून आलेली ही विधवा बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात पडलेली कणसं वेचते. बवाज तिला म्हणतो, इथेच राहा, तुला हात लावायचा नाही असं मी गड्यांना बजावलं आहे. या ओळीवर शेकडो वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यात बहुतेक बवाजचा चांगुलपणाच आहे. सिस्टर हा उतारा घेऊन निपाणीला गेल्या. मीही होतो. त्यांच्या जुन्या घराशेजारच्या ओट्यावर सहा-सात बाया बिड्या वळत बसल्या होत्या. सिस्टरही खाली बसल्या, एका बाईचं सूप मांडीवर ओढलं आणि वळता वळता गोष्ट सांगितली. बवाजचं बोलणं आलं तशी गंगाक्का नावाच्या म्हातारीने मान वर केली.

"काय म्हणला त्यो?"

"गड्यास्नी सांगिटलंय, हिला हात लावायचा न्हाय."

"म्हंजे बाकीच्या बायकास्नी लावत हुते," गंगाक्का म्हणाली आणि पान कापू लागली.

बाया हसल्या. एक म्हणाली, "आक्का, वखारीतला मुकादम आठवला काय गं?" गंगाक्का हसली नाही. म्हणाली, "हिच्यापुरतं सांगिटलं. मग त्यो चांगला कसा? त्येला म्हाईत हुतं न्हवं का सगळं?"

सिस्टरांचे हात थांबले होते. परतीच्या बसमध्ये, बेळगावच्या अलीकडच्या काकतीपर्यंत, त्या मांडीवर तो उतारा उघडून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तीन भाषेत वाचलीया मी ती ओळ. मला दिसली न्हाय."

प्रबंधात त्यांनी हा अर्थ घेतला आणि खाली तळटीप दिली. गंगाक्का, बिडी कामगार, निपाणी, तोंडी. मार्गदर्शक प्राध्यापक लांबच्या शहरात होते. त्यांनी कळवलं की टीप काढा, ही बाई अभ्यासक नाही, ख्रिस्तीही नाही. अर्थ हवा तर स्वतःचा म्हणून ठेवा. सिस्टर भडकल्या. "पंधरा जर्मन नावं चालत्यात, येक गंगाक्का चालत न्हाय? तिचा अर्थ घ्यायचा आणि तिला टाकायचं?" सात महिने पत्रं चालली. अखेर प्राध्यापकांनी मान्य केलं की टीप राहू द्या. तेव्हा शेवटचं प्रकरण तेवढं लिहायचं होतं. जानेवारी महिना होता.

मधल्या काळात फादर बेनेडिक्टांना महिलांच्या एका मेळाव्यासाठी प्रवचन हवं होतं. सिस्टरांनी गंगाक्काची ओळ त्यात घातली, नावासकट. फादरांनी सांगताना ती घेतली आणि नाव गाळलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारीत माझा निकाल लागला. मी पहिला आलो होतो. केंद्राच्या हॉलमध्ये सत्काराचा कार्यक्रम ठरला. मी आईला निपाणीहून आणलं. ती नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली होती आणि खुर्चीचे हात सोडत नव्हती. भाषण मी आठवडाभर लिहून, घरी उभं राहून पाठ केलं होतं. देवाचे, आईचे, फादरांचे आभार मानले. मग सिस्टरांचे मानायचे होते. साधे आभार मला पुरेसे वाटेनात. जगाला कळलं पाहिजे, असं वाटलं.

मी म्हणालो, "आपण सगळे फादरांच्या ज्या प्रवचनांसाठी लांबून येतो, ती प्रवचनं आठ वर्षं आमच्या सिस्टर लिहीत आल्या आहेत."

प्रचंड टाळ्या पडल्या. सुभेदार उठून उभे राहिले. फादरही उठले, हसले, आणि सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. मला वाटलं, मी आयुष्यात एक चांगलं काम केलं. सिस्टरांकडे पाहिलं तर त्या आपल्या घड्याळाकडे पाहत होत्या.

पुढच्या शुक्रवारी फादर आले नाहीत. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकीणबाईंनी मला नंतर सांगितलं, चहा बशीखाली झाकून ठेवलेला संध्याकाळपर्यंत तसाच होता. रविवारी फादरांनी स्वतःच्या मनाने प्रवचन केलं. त्यात सागर होता.

सिस्टर लोकांच्या बदलीची एक पद्धत असते. जेवणाच्या टेबलावर मदर सुपिरिअर पत्र उघडून मोठ्याने वाचते. वाचून झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्यांची बदली झाली त्यांनीही. आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं, त्यामुळे बदली ही आनंदाची बातमी असते. एरवी ही पत्रं मे महिन्यात येतात. सिस्टरांचं मार्चमध्ये आलं. तब्येतीला मोकळी हवा हवी म्हणून खानापूरकडच्या एका गावी, मुलींच्या बोर्डिंगची व्यवस्था बघायला. आठ दिवसांत हजर व्हायचं.

"सिस्टरांनीबी वाजीवल्या टाळ्या," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या थांबल्या तरी वाजवतच हुत्या. मग मदर म्हणल्या, पुरे."

मी आधी फादरांकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "मास्तर, तुम्ही चांगले बोललात," ते म्हणाले. "फक्त थोडे जास्त बोललात. मी काही केलेले नाही. मी मदरना एवढेच विचारले, सिस्टरांना वर्ष दिलेय ते प्रबंधासाठी की प्रवचने लिहिण्यासाठी?"

मी पेला खाली ठेवला. माझी निम्मी फी आठवली.

सिस्टर ट्रंक भरत होत्या. खोलीत शब्दकोशांचे ढीग होते, ते केंद्राचे, परत जायचे. मी दारातच रडू लागलो. त्यांनी मला गप्प केलं नाही, बसही म्हणाल्या नाहीत. घडी घालत म्हणाल्या, "तुला हिब्रू शिकीवली, ग्रीक शिकीवली. गप बसाय शिकवायचं तेवडं ऱ्हायलं."

"सिस्टर, मी चांगल्यासाठी..."

"म्हाईत हाय. म्हणूनच तर. वाईटासाठी बोलला असतास तर कुणी ऐकलं नसतं." मग हात पुढे केला. "भाषणाचा कागद हाय काय? आण हिकडं."

तो माझ्या पाकिटातच होता. त्यांनी ट्रंकेवर ठेवून तो पहिल्या शब्दापासून वाचला, माझ्या वहीसारखा. दोन ठिकाणी काना दुरुस्त केला. सिस्टरांचे आभार मानतो, या वाक्यानंतर तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि कडेला लिहिलं, 'इथे थांबा.' कागद परत दिला आणि ट्रंक मिटली.

प्रबंध तिथे राहून पुरा करा, पुस्तकं मी आणतो, असं मी त्यांना म्हणत होतो. दोनदा पिशवीतून पुस्तकं घेऊन गेलोही. नव्वद मुली, तीन वेळचं जेवण, लाकडं, तांदूळ, आजारपणं. पहिल्या वेळची पुस्तकं दुसऱ्या वेळी तशीच दोरीत बांधलेली होती. जून गेला. प्राध्यापकांचं सभ्य पत्र आलं, नियमानुसार नोंदणी रद्द झाल्याचं. सिस्टरांनी ते धोब्याच्या हिशेबाच्या वहीत ठेवलं आणि परातीतला तांदूळ निवडू लागल्या. "छाट," एवढंच म्हणाल्या.

केंद्राला बायबल शिकवायला माणूस हवा होता. फादर बेनेडिक्टांनी मला बोलावलं. मी नाही म्हणायला हवं होतं. आईला सांगितलं तर ती गल्लीभर सांगत सुटली, माझा ल्योक कॉलेजला शिकवतोय म्हणून. मी हो म्हणालो. सिस्टरांच्याच टेबलाशी उभा राहून आता मी रूथ शिकवतो. 'छाट' म्हणायचा एकदा प्रयत्न केला. जमलं नाही.

गेल्या ऑगस्टातल्या एका शनिवारी केंद्राला सुट्टी होती, तेव्हा मी त्यांच्या गावी गेलो. सकाळची मिस्सा बोर्डिंगच्या हॉलमध्ये होती. मुली खाली चटईवर, मागे काही बाकं. सिस्टर तिसऱ्या बाकावर होत्या. तिथे खांब नव्हता. केस पार पांढरे झाले होते आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. मी मागे बसलो, त्यांनी मला पाहिलं नाही. त्या दिवशीचं वाचन रूथचं होतं. तरुण फादर वेदीवर मोबाइल उभा करून प्रवचन देऊ लागले. फादर बेनेडिक्टांच्या प्रवचनांची पीडीएफ हल्ली सगळ्या धर्मगुरूंच्या ग्रुपवर फिरते.

"एका विद्वान धर्मगुरूंनी म्हटलं आहे," ते स्क्रीनवर बोट सरकवत म्हणाले, "गड्यांनी हिला हात लावू नये असं बवाज म्हणतो, याचा अर्थ ते इतर बायकांना लावत होते. आणि हे त्याला माहीत होतं."

चटईवरच्या मोठ्या मुली एकदम स्तब्ध झाल्या. मी अर्धवट उठलो. गंगाक्काचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग मी बसलो. या वेळी मी थांबलो, आणि तेही बरोबर होतं असं मला वाटत नाही.

तरुण फादर तिथे थांबले. दोनच मोजून पुढे निघाले. सिस्टरांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या पायाचा चवडा चारही मोजून मग टेकला.